सात जागी रंग

काकूंना ब्रेक दाबला की डोळा मारायची सवय लागली, त्याला दोन महिने होऊन गेले होते. सुरुवातीला घरात सगळे हसले. मग डावा इंडिकेटर लावला की तो नुसता मिणमिणायचा आणि त्याच्याऐवजी मागचे ब्रेकचे दिवे उघडझाप करायचे. हेडलाइट लावले की हॉर्नचा घसा बसायचा. पेट्रोलचा काटा तर इंडिकेटरच्या तालावर मान डोलवायला लागला. तेव्हा हसणं आपोआप थांबलं.

काकू म्हणजे आप्पांची पिकअप. वय पंचेचाळीस. सकाळी उठायला कुरकुर, चढावर उसासे, आणि वाटेत कोणी भेटलं की उगाच खोकणं, म्हणून मुलांनी लहानपणीच तिला हे नाव ठेवलं होतं आणि आदरार्थी बहुवचनही बहाल केलं होतं. आप्पा सुतार. त्यांनी आयुष्यभर केलेली कपाटं, पलंग आणि शाळांची बाकं काकूंनीच पाठीवर घेऊन लोकांच्या दारात पोचवली.

आज शुक्रवार होता आणि काकूंची तपासणी होती. केंद्र चारला बंद होत असे. मागच्या रविवारी जेवणाच्या टेबलावर जो ठराव झाला तो साधा होता. सगळे दिवे, हॉर्न, इंडिकेटर ठीक निघून काकू पास झाल्या, तर आप्पा गाडी चालवत राहणार. नापास झाल्या, तर किल्ली दादाकडे, आणि आप्पांचं चालवणं कायमचं बंद. ठराव दादाने मांडला, वहिनीने अनुमोदन दिलं, आई गप्प राहिली आणि ठिणगी फोनवरून इतकी ओरडली की दादाने फोन कानापासून लांब धरला. आप्पा म्हणाले, "बरं." 

म्हणून ठिणगी रात्रभर बसमध्ये बसून आली होती. लहानपणी प्लगमध्ये खिळा घातल्याबद्दल तिला हे नाव मिळालं होतं आणि पुढे लिफ्ट दुरुस्तीचं काम धरून तिने ते सार्थही केलं. आल्या आल्या चहासुद्धा न घेता ती अंगणात काकूंच्या मागे उकिडवी बसली. शेजारी दादा उभा. हातात टॉर्च, खिशात वही. दादा शाळेचा हेडमास्तर, त्यामुळे अंगणातही तो वर्गावर आल्यासारखाच उभा राहत असे.

"हिरवी," दादा म्हणाला. "ही हिरवी. ही पण हिरवी. सगळ्या वायरी हिरव्या! गेल्या वर्षी आप्पांनी सगळं वायरिंग स्वतः नवं केलं, आणि एका रंगात केलं. हे ताळ्यावर असलेल्या माणसाचं काम आहे का?"

"हिरव्या वायरीचं अख्खं रीळ मिळालं होतं त्यांना. वाया कसं घालवतील?" ठिणगीने वायरींचा जुडगा बोटांनी चाचपला. "आणि तू गाठी कुठे बघतोयस? एक गाठ पार्किंग. दोन गाठी ब्रेक. तीन डावा, चार उजवा. आधीच्या वायरिंगलाही असंच होतं. आप्पांनी मला आकडे यांच्यावरच शिकवले."

"तरीच तू चारच्या पुढे अडखळायचीस."

"आणि तू हेडमास्तर होऊनही अजून बोटांवर मोजतोस."

ड्रायव्हरच्या सीटवरून वहिनीने डोकं बाहेर काढलं. ती नर्स. आज दिवसा सुट्टी, म्हणून तिला ब्रेक दाबायच्या कामावर बसवलं होतं. "पेशंटची हिस्टरी घेऊन झाली असेल तर सांगा, दाबू का?"

"दाब."

ब्रेकचे दिवे लागले ते लाजल्यासारखे, आणि उजव्या इंडिकेटरने ठिणगीला डोळा मारला.

"आगाऊ आहेत काकू," वहिनी म्हणाली.

तेवढ्यात आई मऊ फडकं घेऊन आली. ती रोज सकाळी काकूंना पुसायची. काकूंचा सध्याचा झगझगीत पिवळा रंग आईचा होता. आई पाट्या रंगवणारी. निम्म्या बाजारावर एके काळी तिचं अक्षर होतं. मग छापील फलक आले आणि तीन वर्षं कोणी तिच्याकडे फिरकलं नाही. ब्रश वाळले, डबे अडगळीत गेले. चार महिन्यांपूर्वी एके दिवशी तिनेच आप्पांना सांगितलं, गाडी दीड महिना मला द्या. सगळं सुटं करून, घासून, तिने काकूंना असं सजवलं की रस्त्यावरचे लोक थांबून बघायला लागले. मागच्या फळीवर काळ्या अक्षरात लिहिलं होतं, 'मागच्यांनी घाई करू नये'.

"हात पुसून लाव," ती ठिणगीला म्हणाली. "काळे ठसे उमटतात. आणि स्क्रू काढताना ओरखडा उठला तर बघ. आधीच कोणीतरी बॉनेटखाली हेडलाइटच्या मागे सारखं खरवडतंय. तीनदा मी परत रंग दिला. मांजर असणार."

"बॉनेट उघडून?" वहिनीने विचारलं.

"या घरातलं मांजर काहीही करेल," आई म्हणाली आणि फळीवरच्या 'घाई'वरून मायेने फडकं फिरवून आत गेली.

बारा वाजले तरी दोष सापडला नव्हता. दादा सावलीत स्टुलावर बसून वही चाळत होता. वहीत अकरा नोंदी होत्या. पहिली: बाजाराच्या कोपऱ्यावर वळताना इंडिकेटर लावायला विसरले, सायकलवाला पडला, गुडघा फुटला. स्वतः कबूल केलं, 'विसरलो' म्हणाले. दुसरी: चहात मीठ. पाचवी: माझा फोन आला तर धाकटा काका समजून दहा मिनिटं बोलले. आठवी: चष्मा फ्रिजमध्ये.

"चष्मा तुमचा होता," वहिनी खांद्यावरून वाचत म्हणाली.

"माझा?"

"लोणी काढायला गेला होतात. आप्पांनी तो शोधून दिला. तुम्ही तो त्यांच्याच नावावर टाकलात."

दादाने आठवी नोंद खोडली. अकराच्या दहा झाल्या. घरात सगळे त्याला आप्पांच्या मागे लागलेला समजत होते. खरं तर तो घाबरला होता. शाळेतला जुना शिपाई असाच हळूहळू विसरत गेला होता, आणि शेवटी शाळेच्याच फाटकात उभा राहून शाळा कुठे आहे असं विचारत होता. आप्पांना कोणत्या तरी फाटकात तसं उभं राहिलेलं दादाला बघायचं नव्हतं. हे त्याला कोणाला सांगता येत नव्हतं, म्हणून तो वहीत लिहीत होता.

"समजा," तो बायकोला म्हणाला, "ठिणगीने काहीतरी जोडाजोड करून दिवे लावले. पण वायरिंग आप्पांनी चुकीचं केलंय हे खरंच राहणार ना?"

"आणि बरोबर केलेलं निघालं तर?"

दादाने वही मिटली. बरोबर निघावं असं त्याला मनापासून वाटत होतं, पण तशी पैज लावायची त्याची तयारी नव्हती.

"अहो हेडमास्तर!" काकूंच्या मागून ठिणगीची हाक आली. "इकडे या. पेपर तपासून झाला. आप्पांना शंभरपैकी शंभर."

तिने मीटरच्या दोन सुया दाखवल्या. "ही दोन गाठींची वायर. ब्रेक दाबला की हिच्यात बरोबर बारा व्होल्ट येतात. तीन गाठींच्या वायरीत बारा. चारच्या वायरीत बारा. एकही चुकीची नाही, एकही सैल नाही. इतकं नेटकं काम माझ्या कंपनीत कोणी करत नाही."

"मग दिवे नीट का लागत नाहीत?"

"तेच तर. बघ." तिने एक सुई बॅटरीच्या वजा टोकाला जोडलेल्या लांब वायरीला लावली आणि दुसरी दिव्याच्या लोखंडी बुडाला. "दाब गं वहिनी! इथे शून्य यायला हवं."

मीटरवर आठ आले.

"मला लिफ्टवाल्यांची भाषा कळत नाही," दादा म्हणाला. "माणसांसारखं सांग."

"वीज वायरीतून दिव्यापर्यंत जाते. परत यायला वेगळी वायर नसते. गाडीचं लोखंडी अंग हीच तिची परतीची वाट. दिवा जिथे अंगाला टेकतो तिथे लोखंडाला उघडं लोखंड लागलंच पाहिजे. ते लागलं नाही तर ती अडते, आणि मग शेजारच्या दिव्यातून घुसून घरी जाते. म्हणून ब्रेक दाबला की इंडिकेटर डोळा मारतो. काकू आगाऊ नाहीत रे. त्यांची वाट बंद झालीय."

तिने एक सुटी वायर घेतली, एक टोक दिव्याच्या बुडाला धरलं, दुसरं थेट बॅटरीच्या वजाला. ब्रेकचे दिवे भडक लाल पेटले आणि उजवा इंडिकेटर एखाद्या सभ्य माणसासारखा बंद राहिला.

वहिनीने टाळ्या वाजवल्या. दादाच्या चेहऱ्यावर जे हसू आलं ते ठिणगीने लहानपणानंतर पहिल्यांदाच पाहिलं. त्याने बहिणीच्या पाठीवर थाप मारली, ती जरा जोरातच. "सापडलं! पण वाट बंद केली कोणी?"

दोघांनी दिवा उतरवला. खाली जिथे बोल्ट बसतो, तिथली नाण्याएवढी गोल जागा पिवळी होती. झगझगीत, गुळगुळीत, दोन हात रंग आणि वर लाखेचा थर. बोल्टच्या भोकातसुद्धा रंग. ठिणगीने दुसरा दिवा उतरवला. तिथेही पिवळं. आप्पांनी गाडीच्या अंगावर अशा सात जागा ठेवल्या होत्या, कोऱ्या लोखंडाच्या. पाट्या रंगवणाऱ्या बाईच्या नजरेला त्या सात जागा उघड्या, गंजायला बसलेल्या दिसल्या असणार. तिने त्यांना जास्त मायेने रंगवलं होतं.

वहिनी गाडीतून उतरून आली, तिघं पिवळ्या गोलाकडे बघत राहिले.

"आई," दादा हळूच म्हणाला.

"हळू बोल. खिडकी उघडी आहे."

ठिणगी बॉनेटखाली गेली. हेडलाइटमागची जागा तिने नखाने खरवडली, मग चाकूच्या टोकाने. रंग निघाला, खाली आडवा ओरखडा. त्याखाली परत रंग, परत ओरखडा. त्याखाली आणखी एकदा. तिन्ही ओरखडे सरळ, पाव इंच रुंद, कडेला अगदी काटकोनात थांबलेले. अशी रेघ या घरात एकाच हत्याराची होती.

"आप्पांची पटाशी," ती म्हणाली. "हे मांजर पाव इंची पटाशी वापरतं."

दादा बॉनेटच्या कडेवर टेकला. त्याच्या लक्षात यायला थोडा वेळ लागला, कारण त्याला ते लक्षात घ्यायला लाज वाटत होती. "म्हणजे आप्पांना पहिल्यापासून माहीत होतं. त्या दिवशी बाजारात त्यांनी इंडिकेटर लावला होता."

"लागला नाही."

"आणि मला म्हणाले विसरलो."

वहिनीने त्याच्या खिशातली वही काढून घेतली आणि स्वतःच्या पर्समध्ये टाकली. रविवारी अनुमोदन देणारी ती, आता बाजू बदलून मोकळी झाली होती.

आप्पा अंगणालगतच्या आपल्या सुतारकामाच्या कारखान्यात एका खुर्चीचा पाय घासत बसले होते. खुर्ची कोणाची नव्हती, हाताला काम हवं म्हणून होती. अंगणातले आवाज त्यांनी ऐकले होते. ठिणगी मीटर लावणार म्हणजे ती शोधणार, हे त्यांना ठाऊकच होतं. काल रात्रीपासून त्यांना एकीकडे पोरीचा अभिमान वाटत होता आणि दुसरीकडे ती आलीच नसती तर बरं, असंही वाटत होतं.

दोघं मुलं दारात उभी राहिली. लहानपणी काच फोडून यायची तशीच.

"दिसलं का?" आप्पांनी विचारलं.

"सातही," ठिणगी म्हणाली.

"हं. मी तीनदा खरवडलं. दुसऱ्या दिवशी बघावं तर परत रंग. वरून मला ऐकवते, मांजराचा बंदोबस्त करा."

"सांगायचं ना तिला, आप्पा!" दादाचा आवाज चढला आणि लगेच उतरला. "मी तुम्हाला काय काय बोललो. तुम्ही विसरभोळे झालात, वायरिंगचा घोळ केलात... तुम्ही नुसतं 'बरं' म्हणालात."

आप्पांनी खुर्चीच्या पायावरून अंगठा फिरवला. "तीन वर्षं तिने ब्रश हातात धरला नव्हता. रोज दुपारी खिडकीशी बसायची, नुसती. आणि तो दीड महिना," ते जरा थांबले, "दीड महिना ती गाणं म्हणत होती रे. सकाळी सहाला उठून अंगणात. मग गाडी चालवायला घेतली आणि पहिल्याच वळणावर कळलं. आता मी तिला जाऊन काय सांगू? तुझ्या रंगाने गाडी आजारी पडली?"

"पण किल्ली गेली असती तुमची," ठिणगी म्हणाली. तिच्या डोळ्यात पाणी आलं होतं आणि ते लपवायला तिने मीटरची वायर गुंडाळायला घेतली.

"गेली असती. पण तिच्यापेक्षा का किल्ली मोठी?"

"असं!" मागून आवाज आला.

आई दारात होती. हातात फडकं. तिने किती ऐकलं हे विचारायची कोणाची हिंमत झाली नाही, आणि विचारायची गरजही नव्हती. वहिनी तिच्या मागे उभी राहून हातवारे करत होती की मी थांबवायचा प्रयत्न केला.

"बाहेर व्हा रे तुम्ही," आई मुलांना म्हणाली. कोणी हललं नाही. "बरं, मग ऐका. चाळीस वर्षं मी या माणसाच्या कपाटांना नावं ठेवली. दार वाकडं आहे, खण अडकतो, पॉलिश उडालंय. तोंडावर बोलले. एकदा तरी रडला हा? आणि माझ्या रंगाला एक शब्द बोलायला याची जीभ उचलत नाही!"

"अगं, मला वाटलं—"

"काय वाटलं? मी रडत बसेन?"

"नाही." आप्पांनी मान वर केली. "परत ब्रश ठेवून देशील असं वाटलं."

आईने फडकं मुठीत गोळा केलं. हे खरं होतं. ठेवलाच असता. हा माणूस तिला तिच्यापेक्षा जास्त ओळखत होता, याचा तिला राग आला आणि बरंही वाटलं. दोन्ही एकदम झाल्यामुळे तिला काय करावं कळेना, म्हणून तिने फडकं झटकलं.

"मांजर!" ती म्हणाली. "मी तीन दिवस त्या बिचाऱ्या बोक्याला दूध दिलं नाही."

वहिनीला पहिल्यांदा हसू फुटलं, मग ठिणगीला, आणि दादा तर भिंतीला टेकून हसत सुटला.

"हसू नका. वाजले किती?" आईने पदर खोचला. "अहो, काचपेपर काढा, बारीक. आणि पटाशी कोणी हातात घेऊ नका, पटाशीने रंगाच्या कडा फाटतात. माझा रंग मीच काढणार. आणि एक ऐकून ठेवा सगळ्यांनी. या घरात कोणी कोणाला सांभाळायच्या नावाखाली काही लपवायचं नाही. आजपासून."

अडीच वाजेपर्यंत आईने सातही जागा घासल्या. नाण्याएवढे सात गोल, कंपासने काढल्यासारखे. तिच्या मागोमाग ठिणगी बोल्ट आवळत गेली, आप्पा गाठी मोजून वायर हातात देत गेले, आणि दादाने टॉर्च धरला, जरी लख्ख ऊन होतं.

"आवळून झाल्यावर वरून रंग दिला तर चालेल?" आईने विचारलं.

"आत लोखंडाला लोखंड टेकलं की वरून काहीही लाव."

"मग एवढंच आधी कोणी सांगितलं असतं तर!" तिने आप्पांकडे पाहिलं. आप्पा अतिशय लक्ष देऊन चौथी गाठ बघत होते.

तपासणी केंद्रावर त्यांचा नंबर साडेतीनला लागला. तपासनीस गृहस्थ कंटाळलेले होते, पण काकूंकडे बघून त्यांनी पेन कानावरून काढलं. ब्रेक. पार्किंग. डावा. उजवा. हेडलाइट लावून हॉर्न. काकू इतक्या खणखणीत ओरडल्या की रांगेतला एक कुत्रा उठून गेला. पेट्रोलचा काटा पाव टाकीवर शहाण्यासारखा उभा होता.

"हा रंग कोणी केलाय?" तपासनीसांनी सही करता करता विचारलं.

चौघांनी एकदम आईकडे बोट दाखवलं.

"आमच्या केंद्राची पाटी बघा हो," ते म्हणाले. "छापून आणली होती. वर्षात सगळी अक्षरं उन्हाने खाल्ली. जमेल का?"

"बघू," आई म्हणाली, जणू तिच्यापुढे कामांची रांग लागली होती. "पुढच्या आठवड्यात येऊन माप घेते."

बाहेर आल्यावर दादाने किल्ली आप्पांच्या हातात दिली. काहीतरी बोलायचं त्याने ठरवलं होतं, प्रार्थनेनंतर शाळेत बोलतो तसं. प्रत्यक्षात तो एवढंच म्हणाला, "आप्पा, चुकलं माझं." आप्पांनी त्याची कॉलर सरळ केली. वहिनी रिक्षा करून हॉस्पिटलकडे गेली, दिवसाच्या बदल्यात तिने संध्याकाळची पाळी घेतली होती. दादा आणि ठिणगी स्कूटरवर मागे निघाले, स्कूटर कोणी चालवायची यावर भांडत.

काकू मजेत चालल्या होत्या. आई आप्पांच्या शेजारी बसली होती, मांडीवर पास झाल्याचा कागद घेऊन. जिंकल्याचा आनंद तिला होता, आणि तिला एकटीलाच माहीत असलेली एक गोष्ट त्या आनंदाला लागून बसली होती.

पेट्रोल पंपापाशी रस्ता फुटतो. डावीकडे घर, उजवीकडे नदीचा पूल. हजारो वेळा आप्पा इथून गेले असतील. त्यांनी गाडी कडेला घेतली आणि थांबवली. इंजिन चालू होतं. दोन्ही हात स्टिअरिंगवर होते, आणि ते समोर बघत होते, आधी इकडे, मग तिकडे.

गेली थंडी लागल्यापासून हे होत होतं. रोज नाही. कधी तरी. आणि आईने त्यावर एक युक्ती काढली होती. ती शेजारी बसून पाट्यांना नावं ठेवायची. 'ती डावीकडची पाटी बघा, काय ते वेलांटीचं वळण.' मग आप्पा डावीकडे बघत, आणि गाडी डावीकडे वळे. 'उजवीकडच्या त्या दुकानाचं नाव बघा.' मग उजवीकडे. दोघं कधी त्याबद्दल बोलले नव्हते. आप्पांना गाडीने कुठेही जायचं असलं की आई बरोबर निघायची. मुलांना वाटायचं, आईला फिरायची हौस आली. बाजाराच्या कोपऱ्यावर त्या दिवशी तिने पाटीचं नाव जरा उशिरा घेतलं होतं. तेही तिने कोणाला सांगितलं नव्हतं.

"ती डावीकडची पाटी—" तिने सवयीने सुरुवात केली. मग तिला दुपारचं स्वतःचंच बोलणं आठवलं आणि ती थांबली.

"डावीकडे घर आहे," ती म्हणाली. "अहो, आपलं घर डावीकडे आहे."

आप्पांनी तिच्याकडे पाहिलं. "माहीत आहे मला."

"नव्हतं माहीत."

त्यांनी पुन्हा एकदा दोन्ही रस्त्यांकडे पाहिलं. "नव्हतं," आप्पा म्हणाले.

"मला ठाऊक आहे. थंडीपासून."

"म्हणून तू त्या पाट्या..." ते हसले. "मला वाटायचं, बाईला इतरांचं काम अगदीच बघवत नाही."

"ते तर बघवतच नाही."

"थोरल्याला सांगायचं?"

"सांगायचं. चहा झाल्यावर. आत्ता स्कूटरवर आहे, पडेल कुठेतरी."

"किल्ली घेईल तो. आणि बरोबरच करेल." आप्पांनी स्टिअरिंगवरून तळवा फिरवला, सावकाश, लाकडाचा पोत बघतात तसा. त्यांना फार वाईट वाटत होतं आणि ते लपवायचं आता काही कारण नव्हतं. "चाळीस वर्षं झाली गं."

आईने त्यांच्या हातावर हात ठेवला. तिलाही रडू येत होतं. पण तिच्या डोक्यात एक विचार शिरला होता, आणि एकदा शिरला की तो रंगवून होईपर्यंत ती थांबणारी नव्हती.

"तुम्ही मला गाडी शिकवा."

"तुला? या वयात?"

"तुम्हाला गाडी येते. मला रस्ते येतात. दोघांत मिळून एक ड्रायव्हर होतोच आहे, फक्त जागा बदलायच्या. केंद्राची पाटी रंगवायला मला कोण नेणार? डबे, शिडी, सगळं रिक्षातून नेऊ?"

"क्लच कुठे असतो माहीत आहे का तुला?"

"तुम्ही दाखवाल की. माझ्या रंगाला जसे गप्प बसलात तसे मात्र बसू नका. चुकलं की बोला."

"तू भांडशील."

"भांडेनच."

मागून येऊन स्कूटर थांबली होती. ठिणगी चालवत होती, म्हणजे भांडण ती जिंकली होती. काही बिघडलं का, असं दादा हाताने विचारत होता. आईने खिडकीतून हात बाहेर काढून त्याला थांब म्हणून खुणावलं.

"हं," ती म्हणाली, "चला. आणि जरा सावकाश करा, मला बघू दे."

आप्पांनी गाडी डावीकडे घेतली. वाटेत एक भयंकर वाईट अक्षरातली पाटी होती, पण आईने तिच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. ती वाकून आप्पांच्या पायांकडे बघत होती, कुठला कधी दाबतात आणि किती.